पत्र्याच्या डब्यातले कोनफ्लॉवर

१४ नोव्हेंबर

नीलिमावहिनींचा ट्रक गेला. समोरचं क्वार्टर रिकामं झालं. जाताना आपण सगळ्याच बायका करतो तेच त्यांनी केलं. कढीपत्ता एकीला, तुळस दुसरीला, दोरी-चिमटे तिसरीला. माझ्या हातात बियांचं पाकीट ठेवलं. "ऑनलाइन मागवलं होतं गं प्रज्ञा, पेरायला सवडच झाली नाही. तू लाव."

कोनफ्लॉवर म्हणे. जांभळट गुलाबी पाकळ्या, मधे काटेरी तपकिरी गोंडा. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, फुले दुसऱ्या वर्षी. मी मोठ्यांदा हसलेच. फौजेतल्या सुभेदाराच्या बायकोला द्यायची वस्तू आहे का ही? अठरा वर्षांच्या संसारात मी मेथी लावली, झेंडू लावला, पिटुनिया लावला. तीन महिन्यांत उगवून, फुलून, वाळून मोकळं. जयपूरचं हे आमचं आठवं घर. इथं येऊन सोळा महिने झाले. दुसऱ्या वर्षी आम्ही कुठल्या मुलखात असू, ते ह्यांनाही माहीत नाही.

पाकीट फेकणार होते. अनुश्री म्हणाली, "नको ना आई, मतलब, ट्राय तर करू." दहावीच्या मुलीला अभ्यास सोडून सगळं सुचतं.

१७ नोव्हेंबर

या बियांना म्हणे थंडी लागते. ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, तरच जाग्या होतात. अनुश्रीनं फोनवर वाचून दाखवलं. काय एकेकाचे नखरे! तरी श्रीखंडाच्या डब्यात घालून ठेवल्या.

संध्याकाळी ह्यांनी डबा उघडून चमचा घातला. मग माझ्याकडे बघितलं. अनुश्री इतकी हसली की तिला ठसका लागला. हे पण हसले. मी म्हटलं, बाहेरून लिहून ठेवायला पाहिजे होतं. एवढं हसण्यासारखं काय होतं मला कळलं नाही, पण घर बरं वाटलं.

२० डिसेंबर

पेरल्या. लंगरमधून, म्हणजे जवानांच्या भटारखान्यातून, तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणवले, नऊ. खाली खिळ्यानं भोकं पाडली, वाळू, माती, थोडं शेणखत घातलं. अनुश्री म्हणाली की मागे अंगणात एवढी जमीन पडलीये, तिथं का नाही? मी सांगितलं, बाई, जमीन सरकारची, डबे आपले. डबा उचलून ट्रकात चढवता येतो, जमीन येत नाही. हे मला माझ्या पहिल्याच पोस्टिंगला शेजारच्या काकूंनी शिकवलं होतं. तिथं मी गुलाब लावला होता. कळ्या आल्या आणि आम्ही निघालो. फुलं कुणी बघितली देव जाणे. तेव्हापासून माझं सगळं डब्यात.

१२ जानेवारी

उगवल्या! नऊ डब्यांत मिळून तेवीस. धीर धरवेना म्हणून मी रोज सकाळी काडीनं माती उकरून बघत होते, त्यात दोन-तीन मोडल्या असतील. अनुश्रीला सांगितलं नाही. तिनं वहीत डब्यांना नंबर दिलेत. प्रिलिम तोंडावर आहे आणि ही डब्यांना नंबर देते.

९ मे

चार महिने काही लिहिलं नाही. दहावीची परीक्षा झाली, पाहुणे आले, गेले.

जयपूरचं ऊन हे ऊन नव्हेच, शिक्षा आहे. एकेका डब्यात एकच रोप ठेवलंय. पानं खरखरीत, जमिनीसरशी पसरलेली, फुलाचं नाव नाही. सकाळी डबे व्हरांड्याबाहेर, अकराला भिंतीच्या सावलीत, चारला परत मागे. दिवसातून तीनदा नऊ डबे. कंबरेचा काटा ढिला झाला. हे म्हणतात, एका जागी सावली बघून ठेव ना. मला नाही जमत. बसलं की वाटतं तिकडे जास्त बरं असेल. दुपारी कपाटं आवरली, पुन्हा आवरली. पडदे बदलले. पलंग खिडकीखालून भिंतीला लावला आणि संध्याकाळी परत खिडकीखाली.

अनुश्री म्हणाली, "आई, तू त्यांना जरा बसू तरी दे." म्हटलं, तू मला शिकवू नकोस.

६ ऑगस्ट

पाऊस जास्त झाला. दोन रोपं देठापाशी कुजली. सात उरली, तीही पिवळी.

राहवलं नाही म्हणून एक डबा रिक्षात घातला आणि दुर्गापुऱ्याला शेतकी संशोधन केंद्रात गेले. तिथं फुलांचं कोण बघतं ते विचारत विचारत मुरलीधरजी म्हणून एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांनी डबा आडवा केला, हलक्या हातानं गोळा बाहेर काढला. मुळी तळाला जाऊन गोल गोल गुंडाळून बसली होती. म्हणाले, "बहनजी, ये नीचे जाने वाला पौधा है. सीधा नीचे. आप इसको डिब्बे में घुमा रही हो. ज़मीन में लगाओ, पानी कम दो, और फिर हाथ मत लगाओ."

मी म्हटलं, हमारा तो ट्रान्सफर होता रहता है. ते म्हणाले, "तो पौधे को क्या पता?"

मला त्यांचा जरा रागच आला. डबा परत घेऊन आले. मोठा डबा बघते म्हणजे झालं.

घरी आले तर अनुश्री आणि अनुया पायरीवर बसून बायोलॉजीच्या आकृत्या काढत होत्या. अनुया म्हणजे राजा पार्कच्या बँकवाल्यांची मुलगी, हिच्या वर्गात अकरावीला. ती आली की दोघी मराठीत बोलतात, अडखळत, हिंदी घालून, पण मराठीत. अनुश्रीची ही सातवी शाळा. आधीच्या सहा शाळांतली एकही मैत्रीण कधी घरी आलेली मला आठवत नाही. तिला आवडत नसावं घरी कुणाला आणणं.

१९ सप्टेंबर

गणपतीला दहा दिवस गावी कोरेगावला एकटी जाऊन आले. अनुश्रीच्या चाचण्या होत्या म्हणून ती आणि हे इथंच.

आज घरात पाऊल टाकलं, मागे गेले, आणि बघते तर सातही डबे रिकामे, धुऊन पालथे घातलेले. रोपं भिंतीलगत जमिनीत. हातभर अंतर सोडून, सरळ रेषेत, प्रत्येकाभोवती विटांचे तुकडे. मी नुसती ओरडले. कुणाला विचारून? उद्या ऑर्डर आली तर? अनुश्री म्हणाली, "तर काय आई? इथे राहतील." एवढंच. आणि आत गेली.

हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, तुम्ही बघत बसलात? म्हणाले, "मीच खड्डे खणून दिले." घ्या! घरभेदीच निघाले.

उपटून परत डब्यात लावायला गेले होते. खुरपं हातात घेतलं होतं. मग चहाला आधण ठेवलं होतं ते उतू गेलं, आणि राहिलं.

२८ नोव्हेंबर

रोपांनी जीव धरलाय. नवी पानं, गडद हिरवी. मी हात लावत नाही. लावायला काही उरलंच नाही, त्यामुळे दुपारी काय करावं कळत नाही. आज बदलीच्या काळ्या पेट्या बाहेर काढून उन्हात ठेवल्या. डांबराच्या गोळ्या बदलल्या. सरोजभाभी पलीकडून म्हणाल्या, "क्या हुआ, ऑर्डर आ गया?" नाही आली. पण यायला हवी आता. सव्वादोन वर्षं झाली की मला पायाला मुंग्या येतात. भिंतींचे डाग पाठ होतात, भाजीवाला आपल्याला नावानं ओळखायला लागतो, आणि बायका आपल्याला आपल्याच गोष्टी परत विचारायला लागतात.

८ जानेवारी

ह्यांनी एक फॉर्म आणलाय. पोरांची बारावी असेल तर आहे त्या ठिकाणी एक वर्ष थांबायची सवलत मिळते. पुढच्या वर्षी अनुश्री बारावीत. शाळेचं पत्र जोडून एकतीस जानेवारीच्या आत द्यायचा. हे म्हणाले, "शाळेचं तेवढं तू बघ. पोरीला बरं पडेल." अनुश्री जेवत होती. मान वर केली नाही, पण घास हातात तसाच राहिला होता.

मी फॉर्म नीट ठेवलाय. मोठ्या पेटीत, तळाच्या कागदाखाली, म्हणजे हरवायला नको.

२ फेब्रुवारी

फॉर्मचं राहून गेलं. ह्यांनी मागच्या आठवड्यात विचारलं तेव्हा म्हटलं, शाळेच्या मोठ्या मॅडम रजेवर आहेत, सही मिळाली नाही. सरोजभाभींच्या नातवाचं बारसं होतं, मग माझे गुडघे धरले होते. दिवस कसे गेले कळलं नाही. हे काही बोलले नाहीत. त्यांचं असंच असतं, माणूस बोलत नाही म्हणजे बरं आहे असं धरून चालायचं.

आणि एवढं काय बिघडलं? नवी जागा, नवी माणसं, त्यानं पोरं हुशार होतात. सगळ्या फौजी घरांतली पोरं अशीच वाढतात.

२७ मार्च

पहिलं फूल आलं.

खरं सांगायचं तर माझा विरस झाला. सोळा महिने वाट बघितली आणि पाकळ्या खाली लोंबलेल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं म्हणून तांब्या घेऊन धावले. अनुश्रीनं हात धरला. "आई, हे असंच असतं. पाकळ्या खाली जातात." मधला गोंडा मात्र बघत राहावा असा आहे, नारिंगी टोकांचा, हाताला टोचणारा. एक मधमाशी त्यावर गोल गोल फिरत होती.

अनुया येऊन फोटो काढून गेली. दोघी तिथं विटांवर तासभर बसल्या, पुढच्या वर्षी किती फुलं येतील याची पैज लावत. मी खिडकीतून ऐकलं. चपात्या करायच्या होत्या म्हणून आत आले.

३ एप्रिल

ऑर्डर आली. सागर, मध्य प्रदेश. एक मेच्या आत हजर व्हायचं.

अनुश्रीनं ऐकलं, "ओके" म्हणाली, ताट उचलून ठेवलं आणि अभ्यासाला बसली. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

आणि मी? मी लगेच यादी करायला बसले. पोती, सुतळी, जुने पेपर, चादरी. दुपारपर्यंत दोन पेट्या भरल्या. कितीतरी दिवसांनी अंगात बळ आलं. भूकही लागली. सरोजभाभी म्हणाल्या, तू तर लग्नाला निघाल्यासारखी दिसतेस. मला लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

९ एप्रिल

अनुश्री मला हाक मारत नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. विचारलं की उत्तर देते, "हो", "नको", "जेवले". पण "आई" म्हणत नाही. सहा दिवस मी मोजतेय. बारावीचे तास सुरू झालेत, रोज शाळेत जाते, आल्यावर भिंतीपाशी जाऊन उभी राहते.

इथं मी खोटं लिहीत आलेय, ते आज दुरुस्त करते. ही वही कुणी वाचत नाही, मग इथं कुणाला फसवायचं? मी फॉर्म विसरले नव्हते. बारसं एका दिवसाचं होतं. मोठ्या मॅडम रजेवर नव्हत्या. मी दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेले, फॉर्म पिशवीत होता, आणि दोन्ही वेळा भाजी घेऊन परत आले. अजून एक वर्ष याच भिंती, असं मनात आलं आणि पाय वळले. फॉर्म परत पेटीच्या तळाला घातला. माझ्या मुलीची बारावी मी माझ्या पायाच्या मुंग्यांसाठी मोडली. लिहून झालं. बरं काही वाटत नाही.

१३ एप्रिल

शिक्षा म्हणा, उपाय म्हणा, सकाळी माझ्या डोक्यात आलं की निदान कोनफ्लॉवर तरी सागरला न्यायचे. अनुश्रीला बरं वाटेल. सात डबे घेतले, खुरपं घेतलं आणि पहिल्या रोपाभोवती खणायला लागले. वीतभर खणलं, मुळी खाली. हातभर खणलं, तरी खाली. वाळू कोरडी, घाम डोळ्यांत. म्हटलं आता आलं असेल टोक आणि जरा ओढलं. कट्कन आवाज झाला. हातात रोप, फुलासकट, आणि मुळीचं तुटलेलं पांढरं टोक.

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. रडायला लागले की मला थांबता येत नाही, माझं लहानपणापासून तसंच आहे.

अनुश्री मागं कधी आली कळलं नाही. म्हणाली, "सोड ना. बाकीचे राहू दे."

मी तिच्याकडे न बघता सांगून टाकलं. फॉर्म होता, मी दिला नाही, मॅडम रजेवर नव्हत्या, मी खोटं बोलले, सगळं. वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे. मला जानेवारीत दिसला होता, पेटीत. स्वेटर काढायला गेले होते तेव्हा."

"मग तू मला काही बोलली का नाहीस? पप्पांना का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. मातीकडे बघत बोलली, "रोज बघत होते मी. उघडून. एकतीस तारखेपर्यंत. मला वाटलं, तू भरशील."

आणि खड्डा बुजवायला लागली.

१४ एप्रिल

ह्यांना सांगितलं. हे चिडत नाहीत, आज चिडले. आवाज न चढवता. म्हणाले, "इतकी वर्षं दर बदलीला मला वाटायचं, ही बिचारी माझ्यासाठी घर मोडतेय, तोंडातून चकार शब्द काढत नाही. माझी छाती भरून यायची, प्रज्ञा. आणि तुला आवडायचं ते?"

आवडायचं. नवी चावी, रिकाम्या खोल्या, कुणी ओळखत नाही. मला वाटायचं सगळ्यांनाच आवडत असेल.

मी म्हटलं, तुम्ही सागरला जा. मी आणि अनुश्री इथं थांबतो, बारावी होईपर्यंत. बदली सीमेवर नाही, शांत ठिकाणी आहे, त्यामुळे क्वार्टर ठेवता येणार नाही म्हणे, तर बाहेर खोल्या बघते. हे म्हणाले, "तुला झेपेल?" राहण्याबद्दल मला कुणी असं पहिल्यांदा विचारलं. म्हटलं, माहीत नाही.

२१ एप्रिल

खोल्या बघून बघून पाय सुजले. एकीकडे फक्त कॉलेजची मुलं, एकीकडे पाणी नाही, एकीकडे मालकाची नजर बरी नाही. अनुश्रीला थांबायचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुला नको असेल तर नको. मी कुठेही शिकते." आनंदाचा लवलेश नाही. तिचा विश्वास नाही बसलेला. कसा बसेल? मीही माझ्यावर पैज लावणार नाही. काल दुपारी एकटी असताना मी सहज सागरच्या घराचा नकाशा फोनवर बघत होते.

२४ एप्रिल

ह्यांना गाडीत बसवून आले. आज क्वार्टर ताब्यात दिलं. एमईएसचा, म्हणजे फौजेच्या बांधकाम खात्याचा, माणूस यादी घेऊन पंखे, नळ, कड्या तपासत फिरला. मागे आला, सहा रोपं बघून म्हणाला, "ये भी ले जाइए मैडम, नये वाले क्या करेंगे." अनुश्री मधे पडली, "नहीं भैया, ये यहीं के हैं." मग नव्या येणाऱ्या बाईंसाठी तिनं वहीतलं पान फाडून लिहिलं, पाणी आठवड्यातून दोनदा, खत नको, उपटू नका. ते दाराच्या कडीत अडकवलं.

२६ एप्रिल

दोन रात्री सरोजभाभींकडे काढल्या, मग खातीपुऱ्यात दोन खोल्या मिळाल्या, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. गाड्यांचे आवाज येतात. मला ते ऐकून अस्वस्थ व्हायला होतं, कुठली गाडी, कुठं चालली, असं मनात येत राहतं. मालकीणबाई विधवा आहेत, बोलायला फटकळ. मला आवडल्या.

कागद करायला बसलो. त्या म्हणाल्या, अकरा महिन्यांचा करार. मी हिशोब केला, म्हणजे पंचवीस मार्च. बोर्डाचे पेपर एप्रिलपर्यंत लांबले तर? मी म्हटलं, नाही, मला बारा पाहिजेत. त्या म्हणाल्या, सगळ्यांचा अकराच असतो. मी म्हटलं, मग तेरा करा. त्या म्हणाल्या, "अरे, आप फौजी लोग तो छह महीने में भागते हो, मैं क्या जानती नहीं?" मी असं कधी भांडले नव्हते. टेबलावर हात आपटला. म्हटलं, मी नाही पळणार, लिहा तुम्ही, तेरा लिहा, खाली अंगठा पाहिजे तर अंगठा देते. बाई पेन हातात धरून बघतच राहिल्या.

अनुश्री दाराशी पुस्तकांचं खोकं घेऊन उभी होती. तिनं खोकं खाली ठेवलं, माझ्या खुर्चीमागे आली.

"आई," ती म्हणाली, "अकरा चालतील. नंतर वाढवता येतात."